पायवाटेचा कैवार

डोंगरावरच्या देवाच्या दारापर्यंत मोटार गेली पाहिजे, अशी मागणी अलीकडे गावोगावच्या पारावर ऐकू येते. ती करणारे लोक भाविक असतात, वजनदार असतात, आणि बहुतेकांच्या दारी मोटार असते. या शेवटच्या गोष्टीकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. मला तिच्याविषयीच बोलावयाचे आहे.

मी सडकेचा वैरी नव्हे. आमची नांदगाव पेठ महामार्गावरच वसली आहे. पूर्वी त्याचा क्रमांक सहा होता, आता त्रेपन्न आहे. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एक पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला आणि जागतिक विक्रमांत त्याची नोंद झाली. उत्तम झाले. माल वेळेवर जावा, रोगी इस्पितळात जिवंत पोचावा, पोरांचे शाळेत येणे चिखलात अडू नये, यासाठी डांबर हवेच. पण ते इतक्या झपाट्याने टाकता येते म्हणून महादेवाच्या उंबरठ्यापर्यंत टाकलेच पाहिजे, हा कोठला न्याय?

गेल्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर सालबर्डीला गेलो होतो. मोर्शीच्या पुढे, सातपुड्यात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरचे हे ठिकाण. डोंगरातल्या गुहेत महादेव आहे, आणि तेथल्या भुयारातून थेट पचमढीपर्यंत वाट जाते अशी जुनी समजूत आहे. चढ काही हिमालयाचा नव्हे. तरी मित्र मध्येच थांबला, कपाळ पुसले आणि म्हणाला, "मास्तर, एवढा पैसा येते सरकारजवळ, मंग इथवर सडक काहून नाई करत? म्हाताऱ्या मानसानं कसं करावं?"

मित्र माझ्याच वयाचा, अंगाने माझ्या दुप्पट दणकट. म्हातारे माणूस मात्र जवळच होते. एक आजी काठी आडवी ठेवून दगडावर टेकल्या होत्या. मित्राने त्यांनाच साक्षीला बोलावले: "काहो आजी, गाडी वरपर्यंत पायजे होती नाई?"

आजी म्हणाल्या, "कोनाची गाडी, बाबू? माही यष्टी त खालीच ऱ्हायते. इथं घोटभर पानी भेटलं असतं त बरं झालं असतं."

यावर मित्र हसला. मला हसू आले नाही. कारण सगळा वाद त्या दोन वाक्यांत होता. सडक मागायची म्हातारीच्या नावाने, आणि तिच्यावरून जायचे आपण! म्हातारी एस.टी.ने येते, पायथ्याशी उतरते आणि काठी टेकीत चढू लागते. तिच्या शेजारून धूळ उडवीत जी मोटार वर जाईल तिच्यात पंचविशीतले धडधाकट तरुण बसलेले असतील. म्हातारीच्या वाट्याला येईल ती धूळ, आणि रुंदीकरणात तोडलेल्या झाडांचे ऊन.

कोणी म्हणेल, अपंगांनी काय करावे? प्रश्न खरा आहे. त्यांच्यासाठी डोलीची सोय करा, आणि ती फुकट करा. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून रुळांवरून चढणारी गाडी आहे. तिकीट काढील त्याला ती नेते, घरची मोटार असावी लागत नाही. अशा सोयीला माझा विरोध नाही. पण आमच्याकडची मागणी अपंगांच्या सोयीची नसते, ती असते देवळाजवळच्या मोटारतळाची.

खरे म्हणजे चालण्याचा वऱ्हाडी माणसाला कधी कंटाळा नव्हता. पचमढीजवळ चौरागडाला हजारावर पायऱ्या आहेत. तेथे आमच्याकडचे शेतकरी आणि मजूर खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन चढतात. आणि सालबर्डीचाच डोंगर घ्या. रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर चक्रधरस्वामी याच डोंगरात आले आणि बारा वर्षे एकांतात राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्या डोंगराने त्यांना बारा वर्षे थांबवून घेतले तेथे आम्हांला घटकाभराचा चढ जड व्हावा! मोटारीतून उतरून, दोन मिनिटे हात जोडून पुन्हा मोटारीत बसणे याला दर्शन म्हणतात, हे मला नवे आहे.

देवस्थानाच्या जागी नेमके काय बांधावे, हे आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने करून दाखविले आहे. गाडगेबाबांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. हातात खराटा असे. देवळाच्या आत जाण्याची त्यांना घाई नसे. दिवसभर चालून आलेल्या गरिबाला रात्री अंग कोठे टाकता येईल, याची त्यांना काळजी. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांनी देह ठेवला, तेही वाटेवरच. लाखो रुपये त्या माणसाच्या शब्दावर गोळा झाले. त्यांतून त्याने स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही, मग मोटारतळाची गोष्ट दूरच.

मित्राने आता सडकेसाठी अर्ज करण्याचे मनावर घेतले आहे. मास्तर म्हणून मसुदा माझ्याकडेच आला. त्यातले 'पक्की सडक व मोटारतळ' एवढे शब्द खोडून मी तेथे 'पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या, चढावर धरावयास लोखंडी कठडा, जागोजाग बसावयाचे ओटे, बायकांसाठी आडोशाचे संडास' असे लिहून कागद परत पाठविला. चार आठवडे झाले. त्याची सही अद्याप झालेली नाही.