उद्योग निरीक्षकाची बदली होते, आपल्या तरुणाचे काय होते?

सेलूसारख्या तालुक्याच्या गावातील आपली मुले-मुली जिद्दीने स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पण लोकसेवा आयोगाच्या गट-क परीक्षेत पसंतीक्रम देताना कर सहायक आणि उत्पादन शुल्क खात्याचा दुय्यम निरीक्षक ही पदे वर जातात, उद्योग निरीक्षक खाली ढकलला जातो. का? तर या पदाला वर्दी नाही, दरारा नाही. गावात कुणी सलाम ठोकत नाही!

समाजबांधवांनो, याच बिनदराऱ्याच्या खुर्चीसमोर आपल्या तरुणाचा कागद जातो. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना देशात 1 मे 1978 रोजी सुरू झाली. शिवणयंत्रे, पिठाची गिरणी, केळीचे वेफर्स, असा कोणताही धंदा मांडायचा तर त्याचा प्रकल्प अहवाल तपासणे, शिफारस करणे आणि प्रकरण बँकेकडे पाठविणे हे या केंद्राचे काम. 2008 साली आलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाने ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे फक्त 5 टक्के आणि 35 टक्के अनुदान असे प्रमाण ठरवून दिले. ऐकायला छान आहे. पण बँकेने कर्ज मंजूर केले तरच! बँक म्हणते तारण आणा. रिझर्व्ह बँकेने 2010 मध्येच सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असे बजावले होते. हे बँक मॅनेजरला तोंडावर कोण सांगणार? अर्जदार तरुण सांगू शकत नाही. शासनाचा निरीक्षक सांगू शकतो, आणि त्याने सांगितले पाहिजे.

तो का सांगत नाही? प्रत्येक वेळी तो जातीयवादी असतो असे नाही. त्याची नोकरी ज्या मापाने मोजली जाते ते मापच खोटे आहे. वर्षाचे उद्दिष्ट किती, प्रकरणे किती पाठविली, अनुदान किती खर्ची पडले, एवढेच वर विचारले जाते. मार्चअखेर आकडा भरला की साहेब सुटले. गिरणी चालू आहे की तिला कुलूप लागले, हे त्याच्या गोपनीय अहवालात येत नाही.

आता कायद्याची एक गंमत पाहा. या योजनेचे अनुदान उद्योजकाच्या हाती पडत नाही. ते बँकेत 3 वर्षे ठेव म्हणून अडकून राहते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळते होते. आणि महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी किती ठरविला? तोही 3 वर्षे! म्हणजे धंद्याच्या परीक्षेचा दिवस उजाडतो तेव्हा शिफारस करणारा अधिकारी बहुधा दुसऱ्या टेबलावर किंवा दुसऱ्या जिल्ह्यात असतो. धंदा बुडाला तर नोटीस तरुणाला, बढती साहेबांना.

वरच्या पातळीवरही शिडी अशीच आहे. महाराष्ट्राचे 1993 ते 2002 या काळातील राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर हे एकेकाळी केंद्रात लघुउद्योगांचे विकास आयुक्त होते. औद्योगिक वसाहतींवर त्यांनी ग्रंथही लिहिला. पुढे ते पंतप्रधानांचे प्रधान सचिव झाले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाही. पण लघुउद्योग हे खाते हुशार माणसाच्या वाटेवरची एक पायरी ठरते, मुक्कामाचे ठिकाण नाही.

बाबासाहेबांनी 1918 मध्येच शेतीच्या लहान तुकड्यांवरील निबंधात औद्योगिकीकरण हा उपाय मांडला होता. त्याच सुमारास त्यांनी स्वतः शेअर-सल्ल्याचा व्यवसाय काढला आणि जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. आज गिऱ्हाईक तोंडावर बोलत नाही, फक्त बिल थकविते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते झाले पाहिजेत. नाही तर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. माझ्याकडे येणाऱ्या आपल्या बहुतेक लहान व्यावसायिकांना हे कलम ठाऊकच नसते. ते सांगणे हेही निरीक्षकाचेच काम होते.

म्हणून, जी आपली मुले या पदावर आहेत त्यांनी आरक्षणाचा लाभ केवळ पगारापुरता ठेवू नये. बँकेचा नकार कारणासह लेखी घ्यावा आणि फाईलला लावावा. आणि कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारावेत. गेल्या 5 वर्षांत सेलू तालुक्यातून अनुसूचित जातीची किती प्रकरणे बँकांकडे गेली? किती नाकारली, कोणत्या कारणाने? 3 वर्षांनंतरच्या पडताळणीत किती उद्योग चालू आढळले? अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते 10 रुपयेही लागत नाहीत.