हरलेला संघ आणि हरवलेला संघ

स्वारगेटहून पिंपरीला जाणे आता पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला आणि एस.टी. स्थानकाशेजारी जमिनीखाली उतरलेला प्रवासी थेट पिंपरी-चिंचवडपर्यंत जाऊ लागला. नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद हॉकी मैदान त्या मार्गापासून फार लांब नाही. एखाद्या क्रीडाप्रेमी कुटुंबाने रविवारी संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन व्यावसायिक हॉकीचा सामना पाहावयास निघावे, इतकी ही वाट सोयीची झाली आहे. अडचण एवढीच, की वाटेच्या दुसऱ्या टोकाला संघ नाही. २०१२ मध्ये पुण्याला संघ होता, तेव्हा मेट्रो नव्हती. आज मेट्रो आहे, पण ज्याच्या विजयासाठी घसा कोरडा करावा असा संघ नाही.

पुण्याच्या हॉकीरसिकाचा वैताग समजून घ्यावयाचा, तर प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे. आपला संघ हरतो, याचे दुःख प्रत्येक चाहत्याच्या वाट्याला येते. ते पचवण्याची त्याची रीतही ठरलेली असते. कट्ट्यावर बसून आघाडीच्या फळीला दूषणे द्यावीत, प्रशिक्षकाला चार शहाणपणाच्या गोष्टी सुनवाव्यात आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेथेच जाऊन बसावे. महाराष्ट्रातील हॉकीच्या चाहत्याला मात्र हा ‘पुढचा रविवार’च कधी नीट मिळालेला नाही.

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा तोटा

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ या नावाची स्पर्धा मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. आठ संघांपैकी दोन महाराष्ट्राचे होते, ‘मुंबई मरीन्स’ आणि ‘पुणे स्ट्रायकर्स’. भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस ही कंपनी यांनी ती भरवली होती. ‘हॉकी इंडिया’ ही प्रतिस्पर्धी संघटना आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ यांची तिला मान्यता नव्हती. खेळाच्या कारभाऱ्यांतील हा वाद चाहत्यांनी मनावर घेतला नाही आणि ते योग्यच होते. पुण्याचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. २ एप्रिल रोजी मुंबईच्या महिंद्र मैदानावर शेर-ए-पंजाबने त्याला ५-२ असे हरवले.

पहिल्याच वर्षी उपविजेतेपद म्हणजे कोणत्याही नव्या संघासाठी उत्तम पायाभरणी. एरवी येथून एक परंपरा सुरू झाली असती. पुढल्या वर्षी पंजाबचे उट्टे काढण्याच्या गोष्टी झाल्या असत्या. परंतु दुसरा हंगाम आधी जाहीर झाला, मग लांबणीवर पडला आणि अखेर कधीच खेळला गेला नाही. ठरलेले मानधन पूर्ण मिळाले नाही, अशा खेळाडूंच्या तक्रारी वृत्तपत्रांतून छापून आल्या. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, असे म्हणतात. येथे दोन संघटनांच्या भांडणात तिसऱ्याचा, म्हणजे चाहत्याचा, संघच नाहीसा झाला आणि त्याबद्दल त्याला दोन ओळींचा खुलासा द्यावा असेही कोणाला वाटले नाही.

त्या हंगामातील एक गोष्ट तर पुणेकरांच्या जिव्हारी लागावी अशी होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत लहानाचा मोठा झालेला, मोडक्या स्टिकने हॉकी शिकलेला, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला धनराज पिल्ले वयाच्या ४३व्या वर्षी त्या स्पर्धेत उतरला होता. पुण्याच्या नावाचा संघ त्याच स्पर्धेत होता. धनराज मात्र ‘कर्नाटक लायन्स’कडून खेळला. व्यावसायिक खेळात खेळाडूने कोठून खेळावे हा त्याचा हक्क आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु पुण्याच्या संघाची जुळवाजुळव करताना खडकीचा हा मुलगा ज्यांना अपरिहार्य वाटला नाही, त्यांना पुणे म्हणजे काय वाटत होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्याआधी, २००५ मध्ये, ‘प्रीमियर हॉकी लीग’मध्ये ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ होता. धनराज त्याचा कर्णधार होता. नाव ऐकून छाती फुगावी असे होते. पण पहिल्या वर्षीचे सारे सामने हैदराबादला गच्चीबावलीच्या मैदानावर झाले. मराठ्यांच्या नावाचा संघ मराठी मुलखात एकही सामना न खेळता हंगाम संपवतो आणि त्याने येथील मुलांच्या मनात घर करावे अशी अपेक्षा धरली जाते! दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी हे केले, असे सांगितले जाईल. सोय झाली ती वाहिनीची. घरचे मैदान असे त्या संघाला मिळालेच नाही.

चार वर्षे तळाशी, पाचव्या वर्षी टाळे

२०१३ मध्ये ‘हॉकी इंडिया लीग’ सुरू झाली आणि मुंबईच्या वाट्याला ‘मुंबई मॅजिशियन्स’ आले. प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ, पेनल्टी कॉर्नरसाठी संदीप सिंग, असा थाट होता. संघनिवडीत चार पाकिस्तानी खेळाडूही होते. त्याच जानेवारीत नियंत्रण रेषेवर भारतीय जवानांची निर्घृण हत्या झाली, देशभर संताप उसळला, मुंबईत निदर्शने झाली आणि लीगमधील नऊही पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवावे लागले. तो संताप स्वाभाविक होता. प्रश्न उरतो तो संघाच्या मालकांच्या शहाणपणाचा. सीमेवरची परिस्थिती कोणत्याही क्षणी बिघडू शकते, हे ठाऊक असताना मुंबईच्या संघाचा कणा त्यांनी परक्या खांद्यांवर का उभारला? मुंबईत वाढलेला युवराज वाल्मीकी त्या वर्षी दिल्लीच्या संघातून खेळत होता.

मॅजिशियन्स त्या वर्षी पाच संघांत पाचवे आले. २०१४ मध्येही उपांत्य फेरी दूरच राहिली. तिसरा हंगाम सुरू होण्याआधी मालकांनी संघ सोडून दिला. त्याच्या जागी ‘दबंग मुंबई’ आली, नवे मालक, नवे रंग, नवे बोधचिन्ह. २०१५ आणि २०१६ मध्ये तिलाही उपांत्य फेरी गाठता आली नाही. चार वर्षे मुंबईचा चाहता मान खाली घालून बसला होता. पाचव्या वर्षी, २०१७ मध्ये, संघ अंतिम फेरीत धडकला. चंडीगडला कलिंगा लान्सर्सने त्याला ४-१ असे हरवले, तरी प्रथमच ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणण्यात काही अर्थ होता. आणि पुढच्या वर्षी लीगच बंद पडली! तिचे पुनरुज्जीवन झाले ते थेट २०२४ च्या डिसेंबरात. त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते. बंगाल होता, तामिळनाडू होता, हैदराबाद होते, विशाखापट्टणमही होते. महाराष्ट्राचा संघ नव्हता. महिलांच्या चार संघांतही नव्हता.

अर्थात ही कथा केवळ हॉकीची नाही. पुण्याने ‘पुणे वॉरियर्स’ हा आयपीएलचा संघ पाहिला. २०११ ते २०१३ असे तीन हंगाम तो गुणतक्त्याच्या तळाशी घुटमळला आणि मालकांनी अंग काढून घेतले. ‘एफसी पुणे सिटी’ हा फुटबॉलचा संघ २०१४ मध्ये आला, २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. विसर्जनाची हौस पुणेकरांना आहे खरी, पण ती वर्षातून एकदा, आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे निक्षून सांगून!

शिवी कोणाला बसते?

या साऱ्यांत सर्वांत मोठा अन्याय खेळाडूवर होतो. चिडलेल्या प्रेक्षकाला समोर दिसतो तो पेनल्टी कॉर्नर वाया घालवणारा मुलगा, चेंडू पायाखालून सोडणारा गोलरक्षक. मग तोंडाला येईल ते बोलले जाते. संघाचा मालक वातानुकूलित कक्षात असतो आणि संघटनेचा पदाधिकारी बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावर. चाहत्याची शिवी तेथपर्यंत पोहोचतच नाही. मानधन थकलेल्या बचावपटूला ‘पैसे कशाचे घेतोस?’ असे ऐकावे लागावे, यासारखी क्रूर चेष्टा दुसरी नाही. १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कर्णधार धनराज होता. त्यानंतर त्याच्यासह सात ज्येष्ठ खेळाडूंना ‘विश्रांती’च्या नावाखाली संघाबाहेर बसवण्यात आले. जिंकून आलेल्यांची ही गत, तर हरणाऱ्यांनी कोणाकडे पाहावे?

चाहत्याची बाजूही अगदी निर्दोष नाही, हे मान्य केले पाहिजे. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर क्रिकेटचे सामने पाहण्यास जी गर्दी लोटत असे, ती हॉकीच्या वाट्याला पुण्यात क्वचितच आली. २०२१ च्या डिसेंबरात वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा नेहरूनगरला झाली, ही गोष्ट पुण्यातील किती घरांत माहीत होती? ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळाले की पेढे वाटावयाचे आणि एरवी हॉकीचे पानही उलटावयाचे नाही, ही वृत्ती काही मालकांनी शिकवलेली नाही. ‘प्रेक्षकच येत नाहीत’ हे मालकांचे पालुपद पूर्णपणे खोटे म्हणता येत नाही, ते त्यामुळे.

पण ते पुरतेही पडत नाही. ‘पुणेरी पलटण’ हा कबड्डीचा संघ २०१४ आणि २०१५ अशी पहिली दोन वर्षे तळाला होता. तो विकला गेला नाही, त्याचे नाव बदलले नाही, गाव बदलले नाही. लोकांनी त्याची टिंगल केली, त्याला शिव्याही घातल्या आणि तरी तो आपलाच मानला. १ मार्च २०२४ रोजी त्याने हरियाणाला २८-२५ असे नमवून अजिंक्यपद मिळवले, तेव्हा दहा वर्षांच्या त्या साऱ्या टिंगलीचे सोने झाले. हॉकीतले उदाहरण हवे असेल, तर कलिंगा लान्सर्सचे आहे. २०१४ मध्ये तो संघही उपांत्य फेरीबाहेर राहिला होता. तीन वर्षांनी त्यानेच मुंबईला हरवून करंडक उचलला. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात हॉकी घराघरांत खेळली जाते. दिलीप तिर्की त्याच मातीतला. तेथील राज्य शासनाने २०१८ पासून भारतीय संघाचे प्रायोजकत्व स्वीकारले आणि २०२३ मध्ये राऊरकेलाला भव्य बिरसा मुंडा मैदान उभे केले. संघ, गाव आणि खेळाडू यांची गाठ तेथे कोणी तरी जाणीवपूर्वक बांधली आहे.

आणि गाठ सुटलीच, तर चाहते काय करू शकतात, हे इंग्लंडमधील विम्बल्डनच्या लोकांनी दाखवले. २००२ मध्ये त्यांच्या फुटबॉल क्लबला मालकांनी दूरच्या गावी हलवण्याची परवानगी मिळवली. चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला, अगदी खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेनच्या परिसरात ते स्वतःच्या मैदानावर परतले. जर्मनीत तर फुटबॉल क्लबच्या मताधिकाराचा बहुतांश वाटा सभासदांकडे राहावा, असा नियमच आहे. आपल्याकडे सहकारी बँका, साखर कारखाने आणि गणेश मंडळे वर्गणीतून उभी राहिली. हॉकीचा संघ तसा उभा राहू शकणार नाही, असे कोणी ठरवले?

महाराष्ट्राच्या नावाने पुन्हा कोणी संघ काढावयास पुढे आला, तर नाव वापरण्याची परवानगी देणाऱ्यांनी काही अटी घालाव्यात. किमान पाच वर्षे घरचे सामने येथेच, पिंपरीला किंवा बालेवाडीला, खेळवण्याची लेखी हमी असावी. हंगामाचे संपूर्ण मानधन आधी अनामत म्हणून जमा व्हावे. पंधरा-सोळा जणांच्या संघात पाच-सहा मुले तरी खडकी, देहूरोड, मुंबई, नागपूर येथील मैदानांवर वाढलेली असावीत. हंगामाचे सवलतीचे तिकीट शाळांतून द्यावे आणि संघाच्या व्यवस्थापनात ती तिकिटे घेणाऱ्यांचा एक प्रतिनिधी बसवावा. या अटी मान्य नसतील, तर त्या गृहस्थाने आपल्या कंपनीचे नाव संघाला द्यावे, पुण्याचे देऊ नये.