पावतीवर नुसते 'बटाटा' लिहून भागणार नाही

मे महिना संपत आला की मंचरच्या बाजारात पंजाबहून आलेले बटाट्याचे ट्रक उभे राहू लागतात. हा बटाटा खाण्याचा नव्हे, बियाण्याचा. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठाराचा शेतकरी आणि शेजारच्या खेड तालुक्याचा शेतकरी तो घेऊन जातो, पावसाच्या भरवशावर लावतो आणि दिवाळीच्या आधी काढतो. या उलाढालीवर आडत्या, हमाल, बारदानवाला, ट्रकमालक, पुढे वेफर्स तळणारा आणि वडा-सामोशाची गाडी लावणारा अशी कितीतरी घरे चालतात. त्यांत आपले बांधव थोडे नाहीत. बागवान मंडळींचा तर भाजीपाला व फळे हा पिढीजात धंदा. तेव्हा बटाट्याच्या साखळीत कमजोर कडी कोणती, हा प्रश्न शेतीखात्याचा आहे असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. आमच्या मते सर्वात कमजोर कडी ही त्या मे महिन्यातल्या व्यवहारातच आहे, आणि ती आपल्या हातातली आहे.

आधी पसारा किती मोठा आहे ते पाहू. बटाट्याच्या उत्पादनात चीननंतर जगात आपल्या देशाचा क्रमांक लागतो. वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक बटाटा देशात निघतो. त्यात उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार, गुजरात आणि मध्य प्रदेश यांचा वाटा मोठा. महाराष्ट्र खातो पुष्कळ, पिकवतो कमी. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये उतरणारा बहुतेक बटाटा आग्र्याकडचा, इंदूरकडचा किंवा गुजरातेतला असतो. म्हणजे आपला व्यापारी बहुतांशी दुसऱ्याच्या मालावर आडत कमावतो. याला अपवाद आहे तो खरिपाचा. उत्तरेत बटाटा थंडीत होतो. पुणे जिल्ह्यातला आणि कर्नाटकातल्या हसनकडचा बटाटा पावसाळ्यात होतो आणि उत्तरेकडे फक्त शीतगृहातला जुना माल शिल्लक असतो तेव्हा ताजा बाजारात येतो. ही संधी निसर्गाने दिलेली आहे. हसनने ती बऱ्याच अंशी गमावली. करप्याचा रोग आणि खराब बियाणे यांनी तिथले क्षेत्र पूर्वीच्या मानाने फारच घटले. पुणे जिल्ह्याच्या वाट्याला तेच येऊ नये अशी आमची इच्छा आहे.

कांद्याचे बी एकरी तीन-चार किलो लागते. बटाट्याचे एकरी सहा ते दहा क्विंटल लागते. कारण बटाट्याचे बी म्हणजे बटाटाच. शेतकऱ्याचा सर्वात मोठा एकच खर्च तो हा. आणि खर्चापेक्षा वाईट गोष्ट अशी की या बियाण्यात रोग डोळ्यांना दिसत नाही. विषाणूचा रोग मावा या किडीमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, जमिनीत वाढणाऱ्या बटाट्यात उतरतो आणि पुढच्या वर्षी त्याच बटाट्यातून उगवतो. घरचेच बी तीन-चार वर्षे फिरवले की उतारा घसरत जातो, तो याचमुळे. मग पंजाबचेच बी का? तर तिथे थंडीत काही आठवडे मावा जवळजवळ नसतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने याचा फायदा घेऊन एक पद्धत बसवून दिली. लागवड लवकर करायची आणि मावा वाढण्यापूर्वी, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीस, झाडांचा पाला कापून टाकायचा. मग माल काढून शीतगृहात ठेवायचा. ही पद्धत सापडण्यापूर्वी आपला देश बियाण्यासाठी डोंगराळ मुलखावर आणि परदेशावर अवलंबून होता. जालंधरच्या बियाण्याला जे नाव आहे ते या शिस्तीमुळे.

पण जालंधरहून आलेला प्रत्येक बटाटा या शिस्तीतून गेलेला असतोच असे नाही. पाला न कापलेल्या शेतातला, खाण्यासाठी पिकवलेला बटाटा आकाराने लहान निवडला की तोही बियाण्यासारखाच दिसतो. गोणी तीच, ट्रक तोच. फरक कळतो तो जुलै महिन्यात, शेतात.

आमच्या घरातलाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका शेतकऱ्यासाठी आम्ही स्वतः मध्यस्थी करून बी घेऊन दिले. निम्म्या जागी कोंब आलाच नाही. जे उगवले त्यातली पाने गुंडाळल्यासारखी झाली. ज्यांच्याकडून माल घेतला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पावती मागितली, आम्ही दाखवली. तीवर गोण्यांची संख्या होती, वजन होते, भाव होता, आणि मालाच्या रकान्यात एकच शब्द होता : 'बटाटा'. ते म्हणाले, आम्ही तुम्हाला बटाटा विकला, बियाणे म्हणून कुठे विकले? त्यांचे म्हणणे कागदाच्या दृष्टीने खरे होते. त्या शेतकऱ्याने आमची उचल फेडायला दोन हंगाम घेतले आणि त्यानंतर बटाटा लावणेच सोडले. एक शेतकरी कमी झाला म्हणजे त्या बाजारातून दरवर्षीच्या काही गोण्या कायमच्या गेल्या. त्या दुकानदाराने त्या दिवशी वाद जिंकला, गिऱ्हाईक घालवले.

आमचे म्हणणे एवढेच आहे की मंचरला असो वा अन्य ठिकाणी, आपल्या व्यापाऱ्यांनी बियाण्याची पावती बियाण्याची म्हणूनच द्यावी. तीवर जात लिहावी. माल कोणत्या गावचा, कोणत्या शीतगृहातून कोणत्या तारखेला निघाला ते लिहावे. प्रमाणित बी असेल तर टॅगचा क्रमांक लिहावा; नसेल तर 'अप्रमाणित' असे साफ लिहावे आणि त्याप्रमाणे भाव घ्यावा. काही मंडळी म्हणतील की अशी पावती दिली तर उद्या शेतकरी कोर्टात खेचेल. तो आजही खेचू शकतो. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली दिलेला आहे. उलट, माल कुठला आणि कधीचा हे ज्याच्या पावतीवर आहे तो व्यापारी मागच्या शीतगृहाला जाब विचारू शकतो. ज्याच्या पावतीवर काही नाही, त्याला सगळे नुकसान एकट्याने सोसावे लागते, नाहीतर ते गरीब शेतकऱ्याच्या माथी मारावे लागते. मालातला दोष माहीत असताना झाकून विकण्याबद्दल आपल्याकडे काय शिकवण आहे, ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

दुकानात माल पडून असतो त्या काळातही पुष्कळ नुकसान होते. शीतगृहातून काढलेला बटाटा पत्र्याखाली, गोण्यांच्या थप्पीत, उन्हाच्या झळेत ठेवला की आतून घाम सुटतो आणि कुजायला लागतो. तो सावलीत, हवेशीर जागी पसरून आठ-दहा दिवस ठेवला तर कोंब जोमदार येतात. शेतकऱ्यानेही कापलेल्या फोडीला दोन-तीन डोळे राहतील असे पाहावे, सुरी अधूनमधून औषधाच्या पाण्यात बुडवावी आणि कापल्याबरोबर ओल्या जमिनीत टाकू नये. हे सांगायला दुकानदाराचे पैसे लागत नाहीत. आणि हमालाचा आकडा! गोणीत खुपसलेला प्रत्येक आकडा दोन-चार बटाटे सडवतो आणि ते सडलेले शेजारच्या दहांना सडवतात. आकडा बंद करायचा तर हमालाला शिव्या देऊन होणार नाही. पन्नास किलोची गोणी नुसत्या हातांनी उचलायची कशी, याचा विचार आडत्याला करावा लागेल. गोणी लहान करा, नाहीतर ढकलगाडी द्या.

आता पुढच्या कडीकडे, म्हणजे वेफर्सकडे. आपल्या अनेक तरुणांनी भट्टी लावून हा धंदा सुरू केला आणि वेफर्स काळपट पडतात म्हणून बंद केला. तेलाला, कढईला, कारागिराला दोष दिला. दोष बहुधा साठवणीचा असतो. खाण्याचा आणि बियाण्याचा बटाटा दोन ते चार अंशांत ठेवतात. त्या थंडीत त्याला कोंब येत नाही, परंतु त्यातील पिठाची साखर होते आणि तळताना ती साखर काळी पडते. वेफर्सचा बटाटा दहा ते बारा अंशांत, कोंब रोखणारे औषध देऊन ठेवावा लागतो. तेव्हा साध्या शीतगृहातला स्वस्त बटाटा आणून वेफर्स करू जाणे हा फुकटचा घाटा आहे. दुसरे म्हणजे जात. कुफरी ज्योती, कुफरी पुखराज भाजीला चांगल्या. वेफर्ससाठी पाणी कमी आणि पीठ जास्त असलेली जात हवी. सिमल्याच्याच संस्थेने 1998 साली कुफरी चिप्सोना या नावाने त्या दिल्या आहेत. माल घेताना एक सोपी परीक्षा करता येते. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर पिठाळ, तरंगला तर पाणचट. बादली आणि मीठ एवढीच प्रयोगशाळा.

मोठ्या कंपन्या शेतकऱ्याशी करार करून आपले बी देतात आणि ठरल्या भावाने माल उचलतात. सातगाव पठारावरही हे चालते. शेतकऱ्याला भावाची शाश्वती मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र 2019 साली गुजरातेत पेप्सिको कंपनीने आपल्या एफसी-5 या जातीवरून साबरकांठ्यातील शेतकऱ्यांवर एक कोटीहून अधिक रकमेचे दावे लावले होते. देशभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी ते मागे घेतले. त्या जातीच्या नोंदणीचा वाद पुढे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि 2024 च्या जानेवारीत कंपनीच्या बाजूने लागला. यातून व्यापाऱ्याने एक बारकावा ध्यानात ठेवावा. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित जातीचे बी ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. हा हक्क शेतकऱ्याचा आहे, दुकानदाराचा नव्हे. कंपनीच्या जातीचा बटाटा कुठूनतरी आणून बी म्हणून खपवणाऱ्याने हे जाणून असावे.

सरकारकडून काय अपेक्षा करावी? 2018-19 च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा यांसाठी 'ऑपरेशन ग्रीन्स' म्हणून पाचशे कोटी रुपये जाहीर झाले. दुसरीकडे 2024 साली पश्चिम बंगालने परराज्यात जाणारे ट्रक सीमेवर अडवले आणि तिथल्या व्यापाऱ्यांना संप करावा लागला. एका हाताने साखळी बांधायची आणि दुसऱ्या हाताने तोडायची, असा हा प्रकार आहे. आम्ही त्यावर अधिक शाई खर्च करत नाही.

आपल्या हाती काय आहे ते पाहावे. कर्नाटकात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आणि बागलकोटचे फलोत्पादन विद्यापीठ यांनी एक वेगळी वाट दाखवली आहे. रोगमुक्त रोपांचे शेंडे कापून, मुळे फुटवून, त्यांची रोपे रोपवाटिकेत तयार करतात. शेतकरी ती लावून आपले बी आपणच तयार करतो. जाळीघर, ट्रे, शेंडे कापणाऱ्या कुशल हातांची मजुरी, हा सगळा लहान भांडवलाचा उद्योग आहे. भाजीच्या रोपवाटिका चालवणाऱ्या आपल्या लोकांना तो जमण्यासारखा आहे. लोखंडकाम करणाऱ्या कारागिरांसाठीही काम आहे. बटाट्याची प्रतवारी करणारी फिरती चाळण गावच्या वर्कशॉपात होऊ शकते. 2020 साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रसामग्रीवर 35 टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले, पण ते बँकेच्या कर्जाशी बांधलेले. व्याजामुळे ज्यांना ती पायरी चढायची नाही त्यांनी चौघांनी मिळून भागीदारी करावी. शेतकऱ्याला द्यायची उचलही 'सलम'च्या रीतीने देता येते. पूर्ण रक्कम आधी, आणि मालाची जात, वजन, प्रत व तारीख कागदावर पक्की. आज जी उचल दिली जाते तिच्यात रक्कम तेवढी पक्की असते, बाकी सारे 'बघू'वर.

पुढच्या मे महिन्याला अवकाश आहे. पण शीतगृहात माल लागतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्यांना बियाण्याचा धंदा करायचा आहे त्यांच्यापैकी दोघा-तिघांनी खर्च वाटून घेऊन डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जालंधरला जावे आणि शेतात पाला कापलेला आहे की नाही ते स्वतः पाहून यावे. परत येताना पावतीपुस्तक छापायला टाकावे.