दिनविशेष आणि मे महिना

सार्वजनिक ग्रंथालयांचे दिनदर्शिकेशी असलेले नाते अलीकडे अधिक घट्ट झाले आहे. 14 ते 28 जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीनिमित्त मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला जागतिक पुस्तक दिन आणि 2015पासून 15 ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन. मुलुंड असो वा अंधेरी, प्रतिमेला हार, पाहुण्यांचे व्याख्यान आणि टेबलांवर मांडलेले ग्रंथप्रदर्शन हा क्रम बहुधा ठरलेला. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. उपनगरांत एवढी मराठी पुस्तके एकत्र पाहायला मिळतील अशा जागा थोड्याच उरल्या आहेत. मात्र प्रदर्शनातले पुस्तक त्याच दिवशी घरी नेता येत नसेल, तर तो सोहळा पुस्तकांचा झाला, वाचकांचा नव्हे. रंगनाथनांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिल्याच सूत्राचा भर ग्रंथांच्या जतनापेक्षा वापरावर आहे, हे येथे आठवावे.

या दिनविशेषांत मे महिना कोठेच नाही. शाळकरी मुलाला सलग मोकळा वेळ मिळतो तो नेमका तेव्हाच. बोरिवली-घाटकोपरची कित्येक मराठी कुटुंबे त्या सुमारास कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जातात. एका वेळी एक-दोन पुस्तके आणि आठ-पंधरा दिवसांची मुदत हा आपल्या वाचनालयांचा सर्वसाधारण नियम. महिनाभर गावी राहणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? वाचायला सवड असते तेव्हाच त्याच्या हाती पुस्तक नसते, आणि मराठी शाळेबाहेर शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही उणीव पुढे वर्षभर भरून निघत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. 23 एप्रिलच्या प्रदर्शनात बालविभागाचे वेगळे टेबल असावे. तेथून प्रत्येक बालसभासदाला आठ-दहा पुस्तके निवडून नेऊ द्यावीत आणि ती शाळा सुरू झाल्यावर परत घ्यावीत. त्यासाठी जादा अनामत मागू नये. ज्यांना ती परवडत नाही, त्यांनाच या पुस्तकांची गरज अधिक आहे.

काही पुस्तके हरवतील, काहींवर आंब्या-फणसाचे डाग पडतील. त्या नुकसानीची तरतूद हारतुऱ्यांच्या खर्चातूनही होऊ शकेल. कपाटात कोरी राहिलेली पुस्तके हे त्याहून मोठे नुकसान आहे. ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही, एवढेच.