लहरीपुऱ्याची सीतामाई

बडोद्याला गेलेला माणूस लक्ष्मीविलास राजवाडा बघतो, सयाजीबागेत एक चक्कर मारतो आणि परत फिरतो. आम्ही एलटीसीवर गेलो तेव्हा बरोबरच्या मंडळींनी तेच केलं. मला मात्र लहरीपुरा दरवाजा बघायचा होता. जुन्या तटबंदीच्या शहराचे चार दरवाजे, त्यातला हा पश्चिमेचा. आतल्या बाजूला मांडवीकडे जाणारा बाजाररस्ता. बाहेर समोरच न्यायमंदिराची भव्य इमारत, १८९६ सालची, आणि जवळच सुरसागर तलाव. दरवाजाखाली कपड्यांची दुकानं, स्कूटरी, हातगाड्या, गुजरातीतला घासाघिशीचा गलका. मधूनच एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून अस्सल बडोदेकरी मराठी वाक्य ऐकू येतं आणि आपण मान वळवून बघतो.

"या दरवाजात बघण्यासारखं काय आहे?" असं सौ.ने विचारलं. तिला काय सांगणार? मी दूरदर्शनच्या जमान्यातला टीव्हीवेडा माणूस. कुठली मालिका कुठल्या वारी किती वाजता लागायची हे अजून पाठ आहे, आणि ऑफिसात लोक त्यावरून माझी थट्टाही करतात. माझ्या दृष्टीने हा भारतातल्या टीव्हीच्या इतिहासातला एक फार मोठा मतदारसंघ आहे. १९९१ साली या शहराने लोकसभेवर जिला पाठवलं ती रामानंद सागरांच्या 'रामायणा'तली सीता होती. दीपिका चिखलिया, भाजपच्या उमेदवार, वय वर्षं सव्वीस. आणि त्यांनी हरवलं कुणाला? काँग्रेसच्या रणजितसिंह गायकवाडांना. म्हणजे ज्या घराण्याने हे शहर उभं केलं, त्या घराण्याच्या प्रमुखाला!

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा हमखास हसतो. "लोक खुळे हो, टीव्हीवरच्या सीतेला खरी सीता समजले." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि तेही शिकल्यासवरल्या तोंडून, की त्याचा आता कंटाळा आलाय. माझं म्हणणं असं की लोक खुळे नव्हते. खुळं असलंच तर ते आपलं, म्हणजे स्वतःला प्रेक्षकांहून शहाणं समजणाऱ्यांचं.

आधी जरा मागे जाऊ. सीता घराघरात पोचली ती काही २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी नाही. ती त्याच्या शंभर वर्षं आधीच निघाली होती आणि गंमत म्हणजे बडोद्यातूनच. सर टी. माधवराव हे बडोद्याचे दिवाण. मूळचे तंजावरकडचे मराठी. कवळाण्याच्या शेतकरी घरातल्या गोपाळला दत्तक घेऊन 'सयाजीराव' केलं गेलं, तेव्हा लहान महाराजांच्या नावाने कारभार यांनी हाकला. त्यांनी राजा रविवर्म्याला बडोद्याशी जोडलं. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी रविवर्म्याकडे चौदा पौराणिक चित्रांचं काम सोपवलं. ती चित्रं लोकांना बघायला खुली केली तेव्हा झुंबड उडाली. ज्याने कधी राजवाड्याची पायरी चढली नाही तो माणूस ती चित्रं बघायला आला. याच माधवरावांनी रविवर्म्याला सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला आणि लक्ष्मी, सरस्वती, राम, सीता भिंतीवरच्या खिळ्याला टांगल्या जाऊ लागल्या.

आपल्या आजीच्या देवघरात जी लक्ष्मी होती ती हीच. तिच्या अंगावर साडी आहे, तिचा चेहरा ओळखीच्या घरातल्या बाईसारखा आहे. (गोवेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. मूळच्या आमच्या पेडण्यातल्या मालप्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचं नाव रविवर्म्याच्या चित्रांच्या संदर्भात घेतलं जातं. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पण गावातल्या किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे.) घरबसल्या करमणूक आणि घरबसल्या दर्शन यांची सरमिसळ झाली ती इथे. टीव्हीने फक्त चित्र हलतं केलं.

मधला दुवाही बडोद्याचाच. दादासाहेब फाळके १८९० मध्ये बडोद्याला कलाभवनात शिकायला आले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, सगळ्यात हात घातला. पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केलं. १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' काढला, त्यात अण्णा साळुंके नावाच्या माणसाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मूळचा हॉटेलातला आचारी! पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या चपला काढून ठेवत, असं त्या काळच्या आठवणींत आहे. आता विचार करा. सीता म्हणून पडद्यावर पुरुष आहे, तोच मघाशी राम होता, हे त्या प्रेक्षकांना दिसत नव्हतं? चांगलं दिसत होतं. तरी चपला काढल्या. हा खुळेपणा म्हणायचा तर मग आपण जत्रेत जे करतो त्याला काय म्हणायचं?

कारण हे सगळं आम्हा गोवेकरांना कुणी शिकवायला नको. जत्रेच्या काल्याला, दशावताराला लहानपणापासून बसलेलो आहोत. बारा वाजून गेलेत, देवळासमोरच्या मांडवात गारठा पडलाय, आणि समोर विष्णू येतो. त्याच्या मुकुटावरचा बेगडी कागद दिसतो, हनुवटीखाली रंग ओघळलेला दिसतो, तो शेजारच्या गावचा अमुक आहे हेही माहीत असतं. तो तबक घेऊन प्रेक्षकांत फिरतो तेव्हा म्हातारी बाई तबकात पैसे टाकते आणि वाकून नमस्कार करते. सकाळी तोच मनुष्य पेटारा उचलून पुढच्या गावाच्या वाटेला लागतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण त्याच्यावरूनच पडली. नमस्कार करणाऱ्या म्हातारीला या दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असतात. तिची गल्लत होत नाही. ती नमस्कार करते तो त्या रात्रीपुरत्या विष्णूला, त्या माणसाला नव्हे.

सागरांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली होती. मी 'रामायण' तीनदा पाहिलंय. एकदा लहानपणी आमच्या वाड्यावरच्या एकुलत्या एका टीव्हीसमोर चाळीसेक माणसांत बसून, मग डीव्हीडीवर, मग २०२० च्या टाळेबंदीत. तिसऱ्या वेळी तांत्रिक नजरेने पाहिलं. भडक रंग, एकमेकांवर आदळणारे बाण, कापडी खडक, सगळं हास्यास्पद वाटायला हवं होतं. पण कॅमेरा बघा. राम किंवा सीता दिसली की तो थांबतो. चेहरा सरळ समोर, डोळे आपल्याकडे, ओठांवर किंचित हसू, आणि हे सगळं इतका वेळ चालतं की आजचा दिग्दर्शक वेडा होईल. कथा पुढे सरकत नाही. सरकायची नसतेच. तो वेळ बघणाऱ्याने हात जोडावेत म्हणून सोडलेला आहे. भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभं राहायला लागतो तितका वेळ. अठ्ठ्याहत्तर भाग त्यांनी या चालीने खेचले आणि रविवारी सकाळी साडेनऊला देशातले रस्ते ओस पाडले. लोकांनी टीव्हीला हार घातले, उदबत्त्या ओवाळल्या. उंबरगावच्या स्टुडिओत, म्हणजे महाराष्ट्राची हद्द संपते तिथेच, हे सगळं चित्रित झालं हे सांगितलं तर बऱ्याच जणांना अजून खरं वाटत नाही.

तर मग १९९१ चं काय? टीव्हीवरच्या देवाला लोक डोळे मिटून मत देतात असं असतं तर १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत तेच व्हायला हवं होतं. 'रामायण' तेव्हा ऐन भरात होतं. काँग्रेसने खुद्द अरुण गोविलांना प्रचाराला उतरवलं. उमेदवार सुनील शास्त्री, लालबहादुरांचे चिरंजीव. म्हणजे राम आणि शास्त्रीजी, दोघांची पुण्याई एका पारड्यात! निवडून आले विश्वनाथ प्रताप सिंह. मतदारांनी रविवारी सकाळी रामाला हात जोडले आणि मत बोफोर्सवर बोलणाऱ्याला दिलं. मघाच्या म्हातारीसारखंच.

बडोद्यात मग सीता कशी जिंकली? एक तर गायकवाडांची पकड १९८९ सालीच सुटली होती, ती जागा जनता दलाकडे गेली होती. दुसरं, १९९० च्या सप्टेंबरात सोमनाथहून रथ निघाला होता आणि गुजरातचं वारं पार बदललं होतं. त्या वाऱ्यात भाजपने जो चेहरा दिला तो दहा-वीस सभांनी ओळखीचा करावा लागणार नव्हता. प्रचाराची निम्मी मेहनत दूरदर्शनने, म्हणजे सरकारच्याच पैशाने, आधीच करून ठेवली होती. माझी तक्रार आहे ती इथे. मतदारावर माझा राग नाही. राग आहे तो पेटारा लपवणाऱ्यांवर. दशावतारात रंग उतरताना दिसतो, सकाळ दिसते, बोजा दिसतो. पक्षाने उभी केलेली सीता सभेत येते ती दीपिकाबेन म्हणून की सीतामाई म्हणून, हे कुणी स्पष्ट होऊ देत नाही. लोकांना दोन्ही एकदम ठाऊक असण्याचा जो हक्क आहे, तोच काढून घेतला जातो.

राजांकडून मात्र तक्रारीला जागा नव्हती, कारण त्यांचाही धंदा अखेर दर्शनाचाच. हत्तीवरची अंबारी आणि रस्त्याच्या दुतर्फा उभी प्रजा, यापेक्षा मोठी मालिका कुठली? सयाजीरावांनी दर्शनाखेरीज शाळा, वाचनालयं, कलाभवन असं बरंच काही दिलं, म्हणून त्यांचं नाव आजही शहरात आदराने घेतात. फत्तेसिंहराव क्रिकेटचं समालोचन करत आणि बडोद्याचे खासदारही अनेक वर्षं होते, म्हणजे घराघरात ऐकू येणारा आवाज म्हणजे मत, हे गणित त्या घराण्याला नवं नव्हतं. रणजितसिंह स्वतः चित्रकार आणि गाणारे. राजकारणापेक्षा त्यात रमणारे. शंभर वर्षांपूर्वी ज्या दरबाराने सीतेला तसबिरीत बसवण्यासाठी पैसे मोजले, त्या दरबाराचा वारस त्याच सीतेच्या हलत्या चित्राकडून हरला. हा योगायोग मला पाठ्यपुस्तकात कुठे सापडला नाही. बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याच्या 'सीता भूमिप्रवेशा'समोर उभा असताना तो डोक्यात आला. चित्रात जमीन दुभंगलीय, सीता निघालीय, राम बघत राहिलाय.

त्या दहाव्या लोकसभेत सीता आणि रावण एकाच पक्षाच्या बाकांवर बसत. अरविंद त्रिवेदी साबरकांठामधून निवडून आले होते. दारासिंग २००३ मध्ये राज्यसभेत गेले. मराठी माणूस म्हणून सांगायला हवं, 'महाभारता'तले कृष्ण नितीश भारद्वाज १९९६ साली जमशेदपूरहून जिंकले. रामालाच फार थांबावं लागलं. अरुण गोविल मेरठहून लोकसभेत पोचले ते २०२४ साली. खऱ्या रामाला चौदाच वर्षं होती.

आपल्याकडे रंगभूमीवरचा माणूस निवडून आला तो विष्णू वाघ, २०१२ साली, सांत आंद्रेतून. वाघ कुठल्या देवाच्या वेषात मत मागायला गेले नाहीत. लोकांना ते नाटककार, कवी आणि भांडखोर माणूस म्हणून माहीत होते, आणि तसेच ते विधानसभेत राहिले. पटो न पटो, रंग लावलेला नव्हता. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आणि बडोदेकरांचं पुढे काय झालं? पाच वर्षं त्यांनी सीतामाईला खासदार म्हणून पाहिलं. १९९६ मध्ये त्या रिंगणात नव्हत्या. त्या वेळी काँग्रेसकडून पुन्हा एक गायकवाड उभे राहिले, सत्यजितसिंह. ते निवडून आले. मताधिक्य किती? सतरा. सतराशे नव्हे, सतरा हजार नव्हे, नुसती सतरा मतं. आमच्या काल्याला पहिल्या रांगेत याहून जास्त माणसं बसलेली असतात.