जर्नल पूर्ण, प्रयोग शून्य

‘प्रयोगात आपण जे मुद्दाम बदलतो ते स्वतंत्र चल आणि त्यामुळे जे बदलते ते परतंत्र चल.’ ही व्याख्या आपली मुले झोपेतही म्हणतील. पण प्रयोगात त्यांनी स्वतःहून काय बदलले, असे विचारा. काहीच नाही! रीडिंग आदल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली असतात आणि गुरुत्वीय त्वरण g चे उत्तर 9.8 यावे म्हणून आकडे मागून पुढे जुळवलेले असतात. याला मी प्रयोग म्हणणार नाही. ही खोटे लिहिण्याची तालीम आहे, आणि ती आपण सही-शिक्क्यानिशी देतो.

साधा लंबकच घ्या. 25 सेंटिमीटर लांबीला एका आंदोलनाला सुमारे 1 सेकंद लागतो, 1 मीटरला सुमारे 2. लांबी चौपट, वेळ दुप्पट. इथे लांबी स्वतंत्र, वेळ परतंत्र. आता एखाद्या मुलीने गोलक बदलून मोठा, जड लावला आणि वेळ किंचित वाढला. वजनामुळे वाढला का? नाही. लांबी गोलकाच्या केंद्रापर्यंत मोजायची असते. गोलक मोठा झाला, केंद्र खाली गेले, दोरा तेवढाच राहूनही लांबी वाढली. एक गोष्ट बदलताना दुसरी नकळत बदलली. प्रयोगाचे सारे शिक्षण या घोटाळ्यात आहे, आणि नेमका हाच घोटाळा आपण ‘रीडिंग चुकले’ म्हणून खोडायला लावतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरला 1747 मध्ये कळत होते. स्कर्व्ही हा आजार झालेले 12 खलाशी त्याने एकाच जागी ठेवले, जेवण सारखे दिले आणि दोघा-दोघांच्या सहा जोड्यांना सहा वेगवेगळे उपचार दिले. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. सगळ्यांना सगळेच पाजले असते, तर गुण कशाने आला हे कधीच कळले नसते. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला 1795 उजाडले.

आपल्याकडे मात्र पिकांचे टॉनिक विकणारा कांद्याचे भरघोस पीक दाखवतो. त्या वर्षी पाऊस चांगला होता का, बियाणे नवे होते का, हे कोणी विचारत नाही. त्याच शेतात चार वाफे टॉनिकविना ठेवले होते का, हा प्रश्न विज्ञान शाखेच्या पदवीधरालाही सुचत नाही. कसा सुचेल? बारा वर्षांच्या शाळेत त्याला तो एकदाही विचारू दिलेला नाही.

तासिका कमी आहेत, सामान नाही, ही सबब मला मान्य नाही. दोरा, दगड आणि घड्याळ प्रत्येक गावात आहे. शिक्षकांनो, पुढच्या प्रात्यक्षिकाला फळ्यावर रीडिंग लिहू नका. काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे मुलांना ठरवू द्या. आणि उत्तर 9.8 आले नाही म्हणून गुण कापू नका.