फळ्यावर एक ओळ लिहा

ग्लास नाकाजवळ नेला आणि पहिला वास आला तो आमच्या कढईचा. थालीपिठाच्या भाजणीसाठी उडीद डाळ भाजताना ती जरा पुढे गेली की जो वास सुटतो, अगदी तोच. मागून कॉफीचा, मग कोकोचा. मी सव्वीस वर्षं पुण्यात भाजणी करून विकते. भाजलेलं धान्य कुठेही भेटलं तरी मी ओळखते.

मुलाच्या वाढदिवसाला तो आणि सूनबाई मला एका छोट्या ब्रूपबमध्ये, म्हणजे जिथे बिअर तिथेच बनवून देतात अशा ठिकाणी, घेऊन गेले होते. महाराष्ट्रात 2009 साली डूलाली नावाच्या ब्रूपबने पुण्यातच ही वाट पाडली. आता शहरात जागोजागी अशी ठिकाणं आहेत, काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात आणि समोरच्या फळ्यावर खडूने बिअरची नावं लिहिलेली असतात. त्या फळ्यावर शेवटचं नाव होतं चॉकलेट स्टाउट या काळ्या बिअरचं, पुढे दोनच शब्द: गोडसर, दाट. आम्ही मायलेकांनी एकेक ग्लास मागवला.

ती आली बर्फासारखी गार. पहिल्या घोटात थंडी आणि कडवटपणा, बाकी काही नाही. मी ग्लास दोन्ही हातांत धरून बसून राहिले. पंधरा-वीस मिनिटांनी तिची थंडी उतरली आणि चव उलगडली. आधी पोळीच्या खरपूस कडेची चव, मग काकवीचा किंचित तुरटपणा असलेला गोडवा, आणि घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारा साय आल्यासारखा दाटपणा. फेस तपकिरी, बारीक. करपट एक कणही नाही. खमंग, खरपूस आणि करपलेलं यांच्यामधलं अंतर कढईवर काही सेकंदांचं असतं. ते ज्याने सांभाळलं त्या ब्रूअरला मी मनापासून दाद दिली. इतकी चांगली बिअर मी कधी प्यायले नव्हते.

रात्री मुलाचं पोट बिघडलं. त्याला लहानपणापासून दूध पचत नाही, म्हणून तो चहासुद्धा कोराच घेतो. सकाळी त्याचा फोन आला, “आई, त्या बिअरमध्ये दूध होतं का गं?” मला तो सायीसारखा दाटपणा आठवला. संध्याकाळी मी त्या ब्रूपबमध्ये जाऊन विचारलं. तिथला तरुण ब्रूअर आदराने म्हणाला, “हो काकू, लॅक्टोज घालतो. गोड स्टाउटमध्ये ते बहुतेकदा असतं.”

त्याचं म्हणणं बरोबर आहे. बिअरचं धान्य म्हणजे मोड आणून वाळवलेले जव; आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, त्याच जातीचं काम. त्यातला थोडाच भाग कॉफीसारखा काळा होईपर्यंत भाजतात आणि तेवढ्याने सगळी टाकी काळी होते. असं धान्य भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट लंडनमध्ये डॅनियल व्हीलरने 1817 साली घेतलं. पण इतकं भाजलं की कडवटपणा येतो. त्याला उतारा म्हणून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. बिअरच्या यीस्टला ती पचवता येत नाही. बाकीच्या साखरेची दारू होते आणि ही ग्लासात तशीच उरते. साध्या साखरेच्या मानाने ती बरीच कमी गोड, म्हणून मिट्ट गोडी न येता दाटपणा येतो.  

म्हणजे जे यीस्टला पचत नाही, तेच माझ्या मुलालाही पचत नाही. त्याच्यासारखी माणसं आपल्याकडे घराघरात आहेत.

स्टाउट आणि दूध यांच्यातला हा दुवा कधीकाळी उघड सांगितला जायचा. इंग्लंडात केंटमधल्या हाइथ गावच्या मॅकेसन कंपनीने 1907 साली दुधातल्या साखरेची स्टाउट बाजारात आणली, तेव्हा लेबलवर दुधाची किटली छापली होती. अशी स्टाउट आजारी माणसांना आणि बाळंतिणींना पौष्टिक म्हणून दिली जायची. तो दावा वाईट होता. बाळंतिणीच्या हाती दारू देणं कधीच बरोबर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लेबलवरून ‘मिल्क’ हा शब्द गेला, ते योग्यच झालं. पण त्या शब्दाबरोबर आत काय आहे हे शब्दांत सांगणंही गेलं. आज आपल्या फळ्यांवर ‘चॉकलेट’, ‘क्रीमी’, ‘गोडसर’ असं लिहितात, पण त्यातलं एकही नाव दुधापर्यंत पोचवत नाही.

माझ्या अर्ध्या किलोच्या पाकिटावर मला सगळे घटक छापावे लागतात. गहू घातला तर गहू सांगावाच लागतो, दूध असतं तर दूधही. मला तो जाच वाटत नाही. एका बाईने पाकीट वाचून ‘यात गहू आहे, माझ्या नातीला चालत नाही’ म्हणत ते परत ठेवलं होतं. गिऱ्हाईक गेलं, पण पोरीला त्रास झाला नाही. ब्रूपबच्या ग्लासाला पाकीट नसतं, लेबल नसतं. तिथे फळा हेच लेबल. वेटरला विचारावं, तर आमच्या टेबलावरच्या वेटरलाही ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कायदा काय भाग पाडतो यावर अडून बसायची ही गोष्ट नव्हे. धान्य निवडण्यात, भाजण्यात, आठवडेच्या आठवडे टाकी राखण्यात जे लोक इतका जीव ओततात, त्यांनी आपल्या मालात काय घातलं ते अभिमानाने सांगायला हवं. आणि स्टाउट इतकी गार देऊ नका. दहा-बारा अंशांवर द्या, तुमचीच मेहनत लोकांच्या जिभेला कळेल.

ब्रूपब चालवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: आज संध्याकाळी फळा पुसाल तेव्हा त्या नावाखाली खडूने लिहा, ‘यात दुधातली साखर आहे.’